डिजिटल सामू मापक

डिजिटल सामू मापक अथवा पीएच मीटर हे एखादे द्रावण किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे हे मोजून अंकांत दाखवणारे विद्युत उपकरण आहे. रासायनिक प्रयोगशाळा, साखर कारखाने, दूध संकलन केंद्रे, पाणीपुरवठा योजना, मृदा परीक्षण प्रयोगशाळा आणि अलीकडे फळबागायतदार शेतकऱ्यांकडेही ते वापरले जाते. महाराष्ट्रात कृषी क्षेत्रात पीएच या संज्ञेसाठी 'सामू' हा शब्द रूढ आहे. मृदा परीक्षण अहवालातही तोच आढळतो.

उपकरणाच्या पडद्यावर दशांश चिन्हानंतर दोन अंक दिसत असले, तरी तो आकडा खरा असेलच असे नाही. मापनाची विश्वासार्हता तीन बाबींवर अवलंबून असते: काचेच्या इलेक्ट्रोडची स्थिती, अंशांकनासाठी वापरलेल्या प्रमाण द्रावणांची शुद्धता आणि मापनाच्या वेळचे तापमान. त्यामुळे या उपकरणाची निवड जितकी महत्त्वाची, तितकीच त्याची निगाही महत्त्वाची ठरते. सातारा जिल्ह्यातील वडूज व खटाव परिसर किंवा सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठ यांसारख्या अल्कधर्मी जमिनींच्या भागात सामूतील दोन-तीन दशांशांच्या चुकीमुळे जमीन सुधारणेचा निर्णयच बदलू शकतो.

सामूची संकल्पना

सामू हे द्रावणातील हायड्रोजन आयनांच्या क्रियाशीलतेचे मोजमाप आहे. जलीय द्रावणांसाठी ही मापनश्रेणी सामान्यतः ० ते १४ धरली जाते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. त्याहून कमी सामू आम्लधर्मी, तर अधिक सामू अल्कधर्मी मानला जातो. ही श्रेणी लघुगणकीय असल्याने सामू एका अंकाने कमी झाला की हायड्रोजन आयनांची क्रियाशीलता दहापट वाढते आणि ०.३ ने कमी झाला तर ती सुमारे दुप्पट होते. म्हणूनच ८.२ आणि ८.५ यांतील फरक दिसायला किरकोळ असला, तरी रासायनिकदृष्ट्या तो किरकोळ नसतो.

इतिहास

सामूची संकल्पना डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ही प्रयोगशाळा मद्यनिर्मिती उद्योगाशी निगडित होती. काचेच्या पातळ पडद्याच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या आम्लतेची द्रावणे असल्यास विद्युतदाब निर्माण होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ मॅक्स क्रेमर यांना १९०६ मध्ये आढळले होते. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर आणि झिग्मुंट क्लेमेन्सिएविच यांनी या गुणधर्माचा वापर करून काचेचा इलेक्ट्रोड विकसित केला.

काचेचा विद्युतरोध फार मोठा असल्याने हा विद्युतदाब साध्या उपकरणांनी मोजणे अवघड होते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ आर्नल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये निर्वात नलिकांचे प्रवर्धक वापरून ही अडचण दूर केली. कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय फळांच्या उद्योगात काम करणाऱ्या एका रसायनतज्ज्ञाला लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती. त्याच्या गरजेतून हे उपकरण तयार झाले. म्हणजेच आधुनिक सामू मापकाचा जन्म फळप्रक्रियेच्या प्रश्नातून झाला. पुढे ट्रान्झिस्टर आणि एकात्मिक परिपथ यांमुळे उपकरण लहान झाले, सुईच्या जागी अंक आले आणि ते खिशात मावू लागले. मापनाचे मूलतत्त्व मात्र तेच राहिले.

रचना व कार्यतत्त्व

सामू मापकाचे दोन मुख्य भाग असतात: इलेक्ट्रोड आणि विद्युतदाब मोजणारे मीटर. आजचे बहुतेक इलेक्ट्रोड संयुक्त प्रकारचे असतात, म्हणजे मापन इलेक्ट्रोड आणि संदर्भ इलेक्ट्रोड एकाच दांड्यात बसवलेले असतात.

मापन इलेक्ट्रोडच्या टोकाला विशिष्ट काचेचा अतिशय पातळ फुगा असतो. त्याच्या आत ठरावीक सामूचे द्रावण भरलेले असते. काचेचा बाहेरचा पृष्ठभाग पाणी शोषून ओलसर जेलसारखा थर तयार करतो. या थरात हायड्रोजन आयनांची देवाणघेवाण होऊन विद्युतदाब निर्माण होतो. फुगा कोरडा पडल्यास हा थर नष्ट होतो, हे निगा राखण्याच्या बहुतेक नियमांमागचे कारण आहे.

संदर्भ इलेक्ट्रोडमध्ये सामान्यतः चांदी व सिल्व्हर क्लोराईडची तार आणि पोटॅशियम क्लोराईडचे द्रावण असते. सच्छिद्र सिरॅमिकच्या लहानशा ठिपक्यातून हे द्रावण बाहेरच्या द्रावणात अत्यंत हळू झिरपते आणि विद्युतमंडल पूर्ण होते. या ठिपक्याला संधी म्हणतात. संधी मातीने, चुन्याने किंवा तेलकट पदार्थाने बुजली की आकडा स्थिर होत नाही.

नर्न्स्ट समीकरणानुसार २५ अंश सेल्सिअसला सामूतील एका अंकाच्या फरकासाठी विद्युतदाबात ५९.१६ मिलीव्होल्ट फरक पडतो. या प्रमाणाला इलेक्ट्रोडचा उतार म्हणतात. सामू ७ ला विद्युतदाब शून्याच्या जवळ, आम्लधर्मी द्रावणात धन आणि अल्कधर्मी द्रावणात ऋण असतो. तापमान वाढले की उतारही वाढतो. १५ अंशांना तो ५७.२, तर ४० अंशांना ६२.१ मिलीव्होल्ट असतो. इलेक्ट्रोड जुना झाला की प्रत्यक्ष उतार या सैद्धांतिक मूल्यापेक्षा कमी होत जातो.

प्रकार

पेन प्रकार: खिशात मावणारे, बॅटरीवर चालणारे उपकरण. फवारणीचे पाणी, विहिरीचे पाणी, मत्स्यतळी यांसाठी ते सोयीचे असते. स्वस्त नमुन्यांत इलेक्ट्रोड बदलता येत नाही, त्यामुळे तो खराब झाला की संपूर्ण उपकरण टाकून द्यावे लागते.

हातात धरण्याचा प्रकार: मीटर वेगळे आणि इलेक्ट्रोड वायरने जोडलेला असतो. इलेक्ट्रोड बदलता येतो आणि कामानुसार निरनिराळे इलेक्ट्रोड जोडता येतात. शेतावर आणि प्रयोगशाळेत अशा दोन्ही ठिकाणी ते वापरता येते.

टेबलावरचा प्रकार: प्रयोगशाळांसाठी. अंशांकनाची नोंद, उताराची टक्केवारी आणि मिलीव्होल्ट वाचन या सोयी यात असतात.

अखंड मापन करणारा प्रकार: साखर कारखाने, जलशुद्धीकरण व सांडपाणी प्रक्रिया केंद्रे येथे वाहिनीत किंवा टाकीत कायम बसवलेला असतो.

बाजारात थेट जमिनीत खोचण्याची, धातूच्या दोन सळया असलेली बिनबॅटरीची उपकरणेही मिळतात. त्यांत काचेचा इलेक्ट्रोड नसतो. दोन भिन्न धातूंमध्ये वाहणाऱ्या विद्युतप्रवाहावर काटा हलतो आणि तो प्रवाह जमिनीतील ओलावा व क्षार यांवरही अवलंबून असतो. क्षारयुक्त जमिनीत अशा उपकरणाच्या वाचनावरून सामू ठरवणे योग्य ठरत नाही.

निवडीचे निकष

वियोजन आणि अचूकता: पडद्यावर ०.०१ पर्यंत आकडा दिसणे म्हणजे वियोजन होय. तो आकडा खऱ्या मूल्याच्या किती जवळ आहे, ही अचूकता होय. ०.०१ वियोजनाच्या अनेक पेन प्रकारांची अचूकता ०.१ च्या आसपास असते. फवारणीच्या पाण्यासाठी ०.१ पुरेशी असते. माती परीक्षणासाठी ०.०५ किंवा त्याहून चांगली असावी.

अंशांकनाचे बिंदू: किमान दोन प्रमाण द्रावणांवर अंशांकन करता येणे आवश्यक आहे. फक्त एकाच बिंदूवर अंशांकन होणारे उपकरण जुन्या इलेक्ट्रोडचा कमी झालेला उतार ओळखू शकत नाही.

तापमान भरपाई: स्वयंचलित तापमान भरपाईची सोय असावी. खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यात हिवाळी सकाळ आणि उन्हाळी दुपार यांतील तापमानाचा फरक मोठा असतो. २५ अंशांना अंशांकित केलेले, भरपाईची सोय नसलेले मीटर ४० अंशांच्या द्रावणात ८.६ ऐवजी सुमारे ८.६८ दाखवते.

बदलता येणारा इलेक्ट्रोड: नियमित वापरात काचेच्या इलेक्ट्रोडचे आयुष्य साधारणपणे एक ते दोन वर्षे असते. मीटर त्याहून पुष्कळ अधिक काळ टिकते. त्यामुळे सुटा इलेक्ट्रोड आणि प्रमाण द्रावणे जवळपास मिळतात का, हे खरेदीपूर्वी पाहणे हितावह ठरते.

कामानुसार इलेक्ट्रोड: चिखल, शेण स्लरी किंवा मातीच्या मिश्रणासाठी सहज न बुजणाऱ्या उघड्या किंवा दुहेरी संधीचा इलेक्ट्रोड योग्य असतो. दूध व दह्यासाठी प्रथिने सहज धुता येतील असा, तर क्षेत्रीय वापरासाठी प्लॅस्टिकच्या आवरणाचा इलेक्ट्रोड घेतात. पोटॅशियम क्लोराईड पुन्हा भरता येणारा इलेक्ट्रोड अधिक काळ टिकतो, पण त्याची निगा अधिक काटेकोर असते.

जलरोधकता: फवारणीच्या टाकीवर किंवा विहिरीवर वापर असल्यास उपकरण पाण्यात पडले तरी चालेल असे असावे.

अंशांकन

ज्ञात सामूच्या द्रावणात इलेक्ट्रोड बुडवून मीटरचे वाचन त्या मूल्याशी जुळवणे याला अंशांकन किंवा कॅलिब्रेशन म्हणतात. २५ अंश सेल्सिअसला ४.०१, ६.८६ आणि ९.१८ या सामूंची अथवा ४.०१, ७.०० आणि १०.०१ या सामूंची प्रमाण द्रावणे, म्हणजे बफर, प्रचलित आहेत. ज्या मूल्यांच्या दरम्यान अपेक्षित वाचन येणार असेल, ती दोन द्रावणे निवडतात. महाबळेश्वरच्या अतिपावसाच्या भागातील जांभ्या, आम्लधर्मी जमिनीसाठी ४.०१ व ६.८६, तर वडूज परिसरातील अल्कधर्मी जमिनीसाठी ६.८६ व ९.१८ ही जोडी योग्य ठरते. हे दोन्ही भाग एकाच सातारा जिल्ह्यात आहेत.

अंशांकनाची क्रिया पुढीलप्रमाणे करतात:

१. इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन मऊ कागदाने पाणी टिपून घ्यावे. फुगा पुसू नये, कारण घासल्याने स्थिर विद्युतभार निर्माण होतो.
२. प्रथम ६.८६ किंवा ७.०० च्या द्रावणात बुडवून आकडा स्थिर होऊ द्यावा आणि जुळवून घ्यावा.
३. पुन्हा धुऊन दुसऱ्या द्रावणात तीच क्रिया करावी.
४. मीटर उताराची टक्केवारी दाखवत असल्यास ती नोंदवावी. ९५ ते १०५ टक्के उतार चांगला मानतात. तो ९० टक्क्यांखाली गेल्यास इलेक्ट्रोड स्वच्छ करावा आणि तरीही सुधारणा न झाल्यास बदलावा.
५. अंशांकनासाठी वापरलेले द्रावण पुन्हा बाटलीत ओतू नये.

नियमित वापरात दररोज आणि अधूनमधून वापर असल्यास प्रत्येक वापरापूर्वी अंशांकन करतात. प्रमाण द्रावणांचे मूल्यही तापमानानुसार बदलते. ९.१८ चे बोरॅक्स द्रावण ४० अंशांना ९.०७ असते. बाटलीवर छापलेल्या तक्त्यातील त्या तापमानाचे मूल्य घ्यावे लागते.

अल्कधर्मी प्रमाण द्रावण हवेतील कार्बन डायऑक्साईड शोषून घेते आणि त्याचा सामू हळूहळू उतरतो. उघडी राहिलेली बाटली त्यामुळे निरुपयोगी होते. क्षेत्रीय कामासाठी प्रत्येक वेळी ताजे द्रावण करता येईल अशा पुड्या किंवा गोळ्या सोयीच्या असतात. त्या ऊर्ध्वपातित पाण्यातच विरघळवाव्या लागतात.

चुकीच्या वाचनाचे परिणाम

महाराष्ट्रातील क्षारपड जमिनींचे स्थूलमानाने तीन प्रकार मानले जातात. क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य क्षार अधिक असतात (संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रतिमीटरपेक्षा जास्त), पण सामू ८.५ पेक्षा कमी असतो. चोपण जमिनीत विद्राव्य क्षार कमी, परंतु विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांपेक्षा अधिक आणि सामू ८.५ हून जास्त असतो. क्षारयुक्त-चोपण जमिनीत क्षार व सोडियम दोन्ही वाढलेले असतात. याशिवाय चुनखडीयुक्त जमिनी असतात. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटमुळे सामू साधारणतः ८.२ ते ८.४ पर्यंत राहतो. सामू याच्या बराच वर गेल्यास सोडियमची शंका घ्यावी लागते. म्हणून ८.५ ही सीमा महत्त्वाची आहे.

या प्रकारांवरील उपाय वेगवेगळे आहेत. चोपण जमिनीत जिप्सम टाकून सोडियम विस्थापित करतात आणि निचऱ्याद्वारे तो बाहेर काढतात. क्षारयुक्त जमिनीत मुख्य उपाय निचरा व चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे हा असतो. केवळ चुनखडीयुक्त जमिनीत जिप्समने सामू उतरत नाही. तेथे सेंद्रिय खते आणि लोह-जस्तासारख्या सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी यांवर भर असतो.

उपकरणाची चूक या निर्णयात कशी शिरते, हे दोन उदाहरणांवरून दिसते. इलेक्ट्रोडचा उतार ९० टक्क्यांवर आला आहे आणि मीटर केवळ ६.८६ च्या द्रावणावर जुळवले आहे, असे समजू. ज्या जमिनीचा खरा सामू ८.६ आहे, तिचे वाचन ८.४३ येईल आणि चोपण जमीन नजरेतून सुटेल. याउलट, दोन बिंदूंवर अंशांकन केले, पण ९.१८ चे द्रावण शिळे होऊन प्रत्यक्षात ९.०० झाले असेल, तर ८.४ सामूच्या चुनखडीयुक्त जमिनीचे वाचन ८.५३ येईल. त्यावर विसंबून जिप्समवर केलेला खर्च वाया जाईल. दोन्ही वेळा मीटर बंद पडलेले नसते आणि आकडाही स्थिर दिसतो. म्हणूनच सीमेजवळच्या वाचनाची ताज्या प्रमाण द्रावणावर फेरतपासणी करणे आणि विद्युत वाहकता व विनिमययोग्य सोडियम यांच्या प्रयोगशाळेतील तपासणीविना जमीन सुधारणेचा निर्णय न घेणे आवश्यक असते.

मापनाची पद्धत

माती: सावलीत वाळवून २ मिलीमीटरच्या चाळणीने चाळलेली माती घेतात. प्रयोगशाळांत माती व ऊर्ध्वपातित पाणी यांचे १:२.५ प्रमाण सामान्यतः वापरले जाते, उदाहरणार्थ २० ग्रॅम मातीस ५० मिलिलिटर पाणी. मिश्रण सुमारे अर्धा तास अधूनमधून ढवळून मापन करतात. पाण्याचे प्रमाण वाढवल्यास अल्कधर्मी मातीचा सामू वाढलेला दिसतो, म्हणून अहवालात प्रमाण नमूद असावे. विहिरीचे पाणी वापरल्यास वाचन मातीचे न राहता पाण्याचेही होते. विद्युत वाहकता मोजायची असल्यास ती आधी किंवा वेगळ्या भागात मोजतात, कारण सामूच्या इलेक्ट्रोडमधून झिरपणारे पोटॅशियम क्लोराईड वाहकता वाढवते.

पाणी: बोअरवेल सुरू करून काही वेळ पाणी वाहू दिल्यानंतर नमुना घेतात आणि शक्य तो तेथेच मोजतात. हवेशी संपर्क आल्यावर पाण्यातील कार्बन डायऑक्साईड निघून जातो आणि सामू वाढतो. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा.

क्षार फार कमी असलेल्या पाण्यात, उदाहरणार्थ पावसाच्या किंवा आरओ यंत्राच्या पाण्यात, आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो. तो उपकरणाचा दोष असेलच असे नाही.

निगा व साठवण

ओलावा: फुगा नेहमी ओला ठेवावा. टोपणात ३ मोलर पोटॅशियम क्लोराईडचे द्रावण किंवा उत्पादकाने दिलेले साठवण द्रावण असावे. ते उपलब्ध नसल्यास तात्पुरते ४.०१ किंवा ७.०० चे प्रमाण द्रावण चालते. ऊर्ध्वपातित पाण्यात इलेक्ट्रोड कधीही साठवू नये, कारण त्यात संदर्भ द्रावणातील क्षार बाहेर निघून जातात. बॅटरीत घालण्यासाठी विकले जाणारे पाणी धुण्यासाठी उपयुक्त आहे, साठवणीसाठी नाही. टोपणाभोवती पांढरे स्फटिक दिसल्यास ते पोटॅशियम क्लोराईडचे असतात आणि पाण्याने निघून जातात.

कोरडा पडलेला इलेक्ट्रोड: साठवण द्रावणात काही तास ते रात्रभर ठेवून नंतर अंशांकन करावे. उतार परत न मिळाल्यास तो बदलावा.

स्वच्छता: चुन्याचा किंवा बोर्डो मिश्रणाचा थर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे बुडवून निघतो. तेलकट थर सौम्य साबणाच्या पाण्याने आणि दुधातील प्रथिनांचा थर पेप्सिनयुक्त आम्ल द्रावणाने काढतात. स्वच्छतेनंतर इलेक्ट्रोड धुऊन साठवण द्रावणात किमान अर्धा तास ठेवून पुन्हा अंशांकन करावे. ब्रश, कापड किंवा नख यांनी फुगा खरवडू नये.

इतर काळजी: फुग्याने द्रावण ढवळू नये किंवा त्याने मातीचे ढेकूळ फोडू नये. उपकरण उन्हात, मोटारसायकलच्या डिकीत किंवा कीटकनाशकांच्या कपाटात ठेवू नये. बराच काळ वापर नसल्यास बॅटरी काढून ठेवावी. पुन्हा भरता येणाऱ्या इलेक्ट्रोडमधील द्रावणाची पातळी मापन होणाऱ्या द्रावणापेक्षा वर असावी आणि मापनाच्या वेळी भरण्याचे छिद्र उघडे ठेवावे.

नोंदवही: अंशांकनाची तारीख, उतार आणि प्रमाण द्रावणाची बाटली उघडल्याची तारीख नोंदवल्यास इलेक्ट्रोडची घसरण वेळीच लक्षात येते.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील उपयोग

वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्यालय येरळा नदीकाठी वसले आहे. खटाव तालुक्यात उगम पावणारी येरळा सांगली जिल्ह्यातून वाहत जाऊन ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. नदीच्या उगमाकडील भाग अवर्षणप्रवण असून तेथे विहिरी व बोअरवेलवर बरीच भिस्त असते. मुखाकडील कृष्णाकाठावर खोल काळ्या जमिनी, बागायती ऊस आणि अपुरा निचरा यांमुळे क्षारपड जमिनींचा प्रश्न निर्माण झाला आहे. एका टोकाला पाण्याचा तुटवडा आणि दुसऱ्या टोकाला त्याचा अतिरेक असला, तरी सामूची तपासणी दोन्ही ठिकाणी उपयोगी पडते.

द्राक्ष व डाळिंब: तासगाव परिसरातील द्राक्ष आणि आटपाडी परिसरातील डाळिंब बागायतदार फवारणीच्या पाण्याचा सामू तपासतात. अल्कधर्मी पाण्यात कॅप्टन, मॅलॅथिऑन यांसारख्या काही औषधांचे जलद विघटन होते. द्राक्षातील जिबरेलिक आम्लाच्या द्रावणासाठीही किंचित आम्लधर्मी पाणी पसंत केले जाते. पाणी आम्लधर्मी करण्यासाठी सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्ल वापरतात. पाण्यातील बायकार्बोनेट आम्लाला प्रतिरोध करतात, त्यामुळे सुरुवातीला सामू हळू उतरतो आणि बायकार्बोनेट संपल्यावर एकदम घसरतो. बायकार्बोनेटचे प्रमाण प्रत्येक विहिरीत वेगळे असल्याने शेजारच्या बागेतील आम्लाचे प्रमाण आपल्या बागेला लागू पडेलच असे नाही. म्हणून आम्ल थोडे थोडे घालून प्रत्येक वेळी मोजावे लागते.

बोर्डो मिश्रण: मोरचूद, चुना व पाणी यांचे हे बुरशीनाशक आम्लधर्मी राहिल्यास पाने व कोवळ्या फळांना इजा होते. ते तपासण्याची जुनी पद्धत म्हणजे लोखंडी विळा किंवा खिळा मिश्रणात बुडवणे. त्यावर तांबूस थर चढल्यास आणखी चुन्याची निवळी घालतात. सामू मापकाने हीच तपासणी अंकांत होते आणि मिश्रण उदासीन ते किंचित अल्कधर्मी ठेवता येते.

ठिबक सिंचन: अल्कधर्मी व जड पाण्यामुळे ठिबकच्या तोट्यांत कार्बोनेटचे थर जमतात. आम्ल प्रक्रियेत पाण्याचा सामू काही काळ ४ च्या आसपास आणून नंतर संच स्वच्छ पाण्याने धुतात. आम्लात पाणी न ओतता पाण्यात आम्ल ओतावे, हा सुरक्षिततेचा मूलभूत नियम येथेही लागू आहे.

बटाटा: खटाव तालुक्यात खरीप बटाट्याचे पीक घेतले जाते. बटाट्यावरील सामान्य खवड्या रोग अल्कधर्मी जमिनीत अधिक आढळतो. म्हणून बेण्याबरोबर जमिनीच्या सामूकडेही लक्ष द्यावे लागते.

साखर उद्योग: उसाच्या ताज्या रसाचा सामू ५ ते ५.५ च्या आसपास असतो. रस शुद्ध करताना चुना व सल्फर डायऑक्साईड वापरून तो ७ च्या जवळ आणतात. रस आम्लधर्मी राहिल्यास सुक्रोजचे विघटन होऊन साखर घटते आणि फार अल्कधर्मी झाल्यास क्षपणकारी शर्करांचे विघटन होऊन रंग गडद होतो. या कारणाने कारखान्यांत अखंड मापन करणारी उपकरणे बसवतात.

दुग्धव्यवसाय: गायीच्या ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.८ असतो. दूध नासू लागल्यावर तो उतरतो. कासदाहात मात्र तो वाढण्याची शक्यता असते.

मृदा आरोग्य पत्रिका: केंद्र शासनाने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेतील १२ घटकांमध्ये सामूचा समावेश आहे. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. शेतावरील पेन प्रकारचे उपकरण प्रयोगशाळेच्या तपासणीला पर्याय ठरत नाही. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात होणारा बदल पाहणे आणि फवारणी व ठिबकचे पाणी तपासणे, हे त्याचे योग्य क्षेत्र आहे.

मर्यादा

तापमान भरपाई इलेक्ट्रोडच्या उतारातील बदल सुधारते. तापमानामुळे द्रावणाच्या प्रत्यक्ष सामूत होणारा बदल ती नाहीसा करत नाही. शुद्ध पाण्याचा सामू ४० अंशांना सुमारे ६.७७ असतो, तरीही ते उदासीनच असते. म्हणून वाचनाबरोबर तापमान नोंदवणे इष्ट ठरते. फार उच्च सामूच्या सोडियमयुक्त द्रावणात काचेचा इलेक्ट्रोड खऱ्यापेक्षा कमी वाचन देतो. याला अल्क त्रुटी म्हणतात. हायड्रोफ्लोरिक आम्लाने काच विरघळत असल्याने तेथे नेहमीचा इलेक्ट्रोड वापरता येत नाही.

सामूवरून क्षारांचे एकूण प्रमाण, सोडियमची टक्केवारी किंवा अन्नद्रव्यांची मात्रा कळत नाही.

पर्यायी साधने

लिटमस कागद केवळ आम्लधर्मी की अल्कधर्मी एवढेच दाखवतो. वैश्विक दर्शकाच्या पट्ट्यांवरून रंग जुळवून साधारण अर्ध्या ते एका अंकापर्यंत सामू कळतो. या पट्ट्यांना अंशांकन लागत नाही आणि त्या स्वस्त असतात. फवारणीचे पाणी स्थूलमानाने तपासण्यासाठी, तसेच मीटरचे वाचन संशयास्पद वाटल्यास पडताळणीसाठी त्यांचा उपयोग होतो. ८.४ आणि ८.६ यांतील फरक मात्र त्या दाखवू शकत नाहीत. त्यासाठी सुस्थितीतील इलेक्ट्रोड, ताजी प्रमाण द्रावणे आणि दोन बिंदूंवर अंशांकित केलेला सामू मापकच लागतो.

हेही पाहा

मृदा परीक्षण
क्षारपड जमीन
विद्युत वाहकता
बोर्डो मिश्रण
येरळा नदी